आकाशातील शोषण



आजच्या व्याख्यानाचा फलक वाचून आमच्या युनियनचे तीन-चार कार्यकर्ते आधीच येऊन पुढच्या रांगेत बसले आहेत. ‘शोषण’ हा शब्द आणि त्याच्याखाली माझे नाव, एवढे दिसल्यावर मधला मजकूर वाचण्याचे श्रम त्यांनी घेतलेले नसावेत. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की, आज मी ज्या शोषणाविषयी बोलणार आहे त्यात मालक नाही, मजूर नाही आणि मोर्चा काढून ते थांबवण्याचीही सोय नाही. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक अतिशय विरळ थर आहे. त्यातून जाताना नभोवाणीच्या लहरींची शक्ती शोषली जाते, आणि हे शोषण सूर्याच्या चालीबरोबर, ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त होते. तो माझा विषय.

मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा सुटली ती कारखान्यात जाण्यासाठी, आणि पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयांतून. आपल्या गावाचे भाग्य असे की, इथे १८६४ सालापासून सार्वजनिक वाचनालय चालत आलेले आहे. त्यामुळे ज्याला कॉलेजची पायरी चढता आली नाही त्यालाही पुस्तकाची पायरी चढता येते. मी आज जे सांगणार आहे ते असे चार पुस्तकांतून वेचलेले आणि पडताळून घेतलेले आहे. या विषयाची गोडी मात्र मला पुस्तकाने लावली नाही. ती लावली एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने. कारखान्याच्या फाटकावर ट्रान्झिस्टर हीच त्याची सोबत असे. गाव विदर्भातले, म्हणून नागपूर केंद्र लावण्याची त्याची धडपड चाले. त्याने एकदा मला विचारले, “भाऊ, थंडीत हे नागपूर साडेसहालाच लागतं. मे-जूनमध्ये सात वाजून गेले तरी नुसती खरखर. स्टेशन तेच, रेडिओ तोच, बॅटरी नवी. मग हा फरक कुठून आला?”

मंडळी, प्रश्न किती नेमका होता पाहा. संशय घेण्याजोग्या तीन गोष्टी त्याने आधीच बाजूला काढल्या होत्या. उरले ते फक्त आकाश. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

नभोवाणीची लहर आपल्यापर्यंत दोन वाटांनी येते. पहिली वाट जमिनीलगतची. मुंबई केंद्राचे मालाडचे प्रक्षेपक इथून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर. तिथली मध्यम लहर जमिनीला धरून कल्याणला पोचते, आणि म्हणून मुंबई केंद्र आपल्याला दुपारी बारालाही ऐकू येते आणि रात्री दहालाही. परंतु नागपूर इथून साडेसहाशे किलोमीटरहून अधिक लांब. एवढ्या अंतरात जमिनीवरची लहर थकून जाते. नागपूरची लहर येते ती दुसऱ्या वाटेने, म्हणजे वर आकाशात जाऊन, तिथून परावर्तित होऊन खाली.

आकाशात परावर्तन करणारे काही असावे, ही शंका प्रथम आली ती मार्कोनीच्या प्रयोगामुळे. १९०१ सालच्या डिसेंबरच्या १२ तारखेला त्याने इंग्लंडच्या टोकावरून निघालेला बिनतारी संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला. पृथ्वी गोल, लहर सरळ जाणारी. मग ती वळली कशी? पुढल्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडात हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवले की, वातावरणात उंचावर विद्युद्वाहक थर असला पाहिजे. त्याच १९०२ साली मार्कोनी बोटीवरून अटलांटिक ओलांडत होता. त्याला आढळले की, दिवसा संकेत सातशे मैलांपर्यंतच कळतात, पण रात्री दोन हजार मैलांपर्यंत मिळतात. त्याची समजूत अशी झाली की, उन्हामुळे प्रक्षेपकाच्या तारेतली वीज गळत असावी. म्हणजे निरीक्षण अचूक, पण दोष मात्र भलत्याच्या माथी. कारण प्रक्षेपकाच्या तारेत नव्हते. ते साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर होते. असा थर खरोखरच आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा १९२४ च्या डिसेंबरात ॲपल्टन आणि बार्नेट यांनी दिला. बोर्नमथ येथील प्रक्षेपकाच्या लहरी त्यांनी ऑक्सफर्डला घेतल्या आणि वरून परतणाऱ्या लहरीवरून थराची उंची मोजली. ॲपल्टनला पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपल्याला माहीत आहे की, हे थर एकाहून अधिक आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना डी, ई आणि एफ अशी अक्षरे दिली. साठ ते नव्वद किलोमीटरपर्यंत डी, शंभर-सव्वाशेच्या आसपास ई, आणि दोनशेपासून चारशेपर्यंत एफ. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात, आणि त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे हे थर बनतात. कामगारांच्या भाषेत सांगायचे तर डी थर हा निव्वळ दिवसपाळीचा. सूर्य कामावर आला की तो हजर, सूर्य घरी गेला की थोड्याच वेळात पांगलेला. एफ थराची हवा इतकी विरळ की, तिथे सुटलेल्या इलेक्ट्रॉनाला पुन्हा जोडीदार भेटायला फार वेळ लागतो. म्हणून तो रात्रपाळीही करतो.

लहरींना परत पाठवण्याचे काम मुख्यतः वरच्या थरांचे, आणि त्यांची शक्ती खाण्याचे काम मुख्यतः डी थराचे. ते कसे होते? लहर आली की मोकळा इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतो. त्याला कोणाचा धक्का लागला नाही, तर घेतलेली शक्ती तो लहरीला परत करतो. धक्का लागला, तर ती शक्ती हवेच्या कणांत उष्णता होऊन विरून जाते. आपण सारे लोकलचे प्रवासी आहोत, तेव्हा दाखला तिथलाच देतो. सकाळी आठच्या सुमाराला कल्याणहून सुटणाऱ्या जलद गाडीत कोणी हात झोके देऊ लागला तर पहिल्याच झोक्यात चार जणांना लागेल आणि झोका तिथेच जिरेल. शेवटच्या रिकाम्या गाडीत त्याच माणसाने हात हलवले तर कोणाचे काही बिघडणार नाही. डी थर ही सकाळची गाडी आहे. तिथली हवा आपल्या हवेच्या मानाने अत्यंत विरळ खरी, तरी एफ थराच्या मानाने दाटच, आणि तिथला इलेक्ट्रॉन सेकंदाला लाखो वेळा हवेच्या कणांवर आदळतो. एफ थर ही मध्यरात्रीची गाडी.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. लहरीचा झोका जितका संथ, तितका इलेक्ट्रॉन एका झोक्यात जास्त लांब जातो आणि लहरीची जास्त शक्ती धडकांत वाया जाते. म्हणून कमी कंपनसंख्येच्या लहरींचे शोषण अधिक. लघुलहरींच्या पट्ट्यात ते साधारणपणे कंपनसंख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. कंपनसंख्या दुप्पट करा, तोटा जवळजवळ चौथाईवर येतो. मध्यम लहरींना डी थर दिवसा पुरताच गिळतो. वर जाऊन परत येईल असे काही शिल्लकच राहत नाही.

आता आमच्या पहारेकऱ्याचे उत्तर सोपे झाले. नागपूरची लहर संध्याकाळी केव्हा लागेल हे घड्याळावर अवलंबून नाही, ते सूर्यास्तावर अवलंबून आहे. डिसेंबरात कल्याणला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, नागपूरला त्याच्याही आधी. साडेसहापर्यंत वाटेवरचा डी थर ओसरू लागतो आणि लहर वरच्या थरापर्यंत जाऊन परत येते. जूनमध्ये कल्याणचा सूर्यास्त सव्वासातच्या सुमाराला. तेव्हा सव्वा तासाचा फरक पडणारच. त्याने ऋतूचा फरक आपल्या मनगटावरच्या घड्याळात पकडला होता; पाठ्यपुस्तकात तो कोनाच्या भाषेत लिहिलेला असतो, इतकेच.

तो कोनाचा हिशेबही आपण करून पाहू, कारण त्यातून आपल्या गावाची एक विशेष गोष्ट कळते. कल्याण सव्वाएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली नाहीशी होते, आणि मुलांना घेऊन हा शून्य सावलीचा दिवस अनेक जण पाहतात. डिसेंबरच्या २१ तारखेला तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे क्षितिजसमांतर एका चौरस फुटावर पडणारा किरणांचा वाटा मे महिन्याच्या मानाने सुमारे पाऊण पट. लंडनला जूनमध्ये सूर्य दुपारी बासष्ट अंश चढतो आणि डिसेंबरात अवघे पंधरा. तिथला हिवाळ्यातला वाटा उन्हाळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तात्पर्य, आपल्याकडे दुपारच्या शोषणात ऋतूंचा चढउतार सौम्य, युरोपात मोठा. आपल्याकडे ऋतूचा खरा परिणाम दिसतो तो दिवसरात्रीच्या लांबीत: जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा अकरा तासांचा.

युरोपच्या हिशेबाला एक चमत्कारिक अपवाद आहे, तोही सांगतो. सूर्य खाली, किरण कमी, तेव्हा तिथे हिवाळ्यात शोषण कमीच असले पाहिजे. पण मधल्या अक्षांशांत हिवाळ्यातले काही दिवस असे येतात की, त्या दिवशी शोषण हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघते. ॲपल्टनने १९३७ साली याकडे लक्ष वेधले, आणि ‘हिवाळी विसंगती’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. सूर्यात त्या दिवशी काहीच निराळे नसते. मग जादा इलेक्ट्रॉन आले कुठून? डी थरातले बरेचसे इलेक्ट्रॉन नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूपासून सुटतात, आणि हिवाळ्यात वरच्या वातावरणातले वारे व मोठ्या लाटा हा वायू इकडून तिकडे वाहून नेतात. तो जिथे साचतो तिथे त्याच किरणांत जास्त इलेक्ट्रॉन मिळतात. म्हणजे ऐंशी किलोमीटर उंचीवरसुद्धा हवामान आहे, वारे आहेत. आपण उष्ण कटिबंधातले; ही विसंगती आपल्या वाट्याला येत नाही.

इथे कोणी विचारील की, एवढ्या उंचीवरचे शोषण मोजतात कसे? फुगा तिथवर पोचत नाही, उपग्रह त्याहून वर फिरतो. रॉकेट जाते, पण ते दोन-चार मिनिटांत ओलांडून जाते. या मोजणीत भारतीयांनी मोलाची भर घातली आहे आणि तिची माहिती आपल्याला असावी. कलकत्त्याचे प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनी या विषयाची परंपराच घातली. वरच्या वातावरणावरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९४७ साली निघाला आणि जगभर वापरला गेला. त्यांचे शिष्य अशेषप्रसाद मित्र ऑस्ट्रेलियात गेले असता त्यांनी शेन या सहकाऱ्याबरोबर १९५३ साली एक सुंदर पद्धत मांडली. आकाशगंगेतून रेडिओ लहरींचा एक मंद, अखंड आवाज पृथ्वीवर येत असतो. प्रक्षेपक आपला नको, वीज आपली नको. तो आवाज फुकटात आणि ठरल्या मापाने येतो. जेवढा कमी मिळाला तेवढा वाटेत शोषला गेला, असा सरळ जमाखर्च.

पण मूळची जमा किती, हे कसे कळावे? इथे ऋतूच मदतीला येतो. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. आज भर दुपारी डोक्यावरून जाणारा आकाशाचा तुकडा सहा महिन्यांनी मध्यरात्री डोक्यावर असेल. मध्यरात्री डी थर नाही, म्हणून पूर्ण आवाज मिळतो. तीच मूळची जमा. दुपारच्या आकड्याची तिच्याशी तुलना केली की शोषण हाती येते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत के. आर. रामनाथन आणि त्यांच्याबरोबर काम करणारे आर. व्ही. भोसले यांनी २५ मेगाहर्ट्‌झवर हेच मोजमाप केले आणि १९५९ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या अक्षांशांत एफ थर फार दाट असतो. त्यामुळे इथे डी थराबरोबर तोही आपला वाटा घेतो, ही गोष्ट अशा मोजमापांतून पुढे आली.

महाराष्ट्रातही हे काम चालत आले आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्य ठाणे नव्या पनवेलला, म्हणजे आपल्या शेजारीच. तिची पाळेमुळे कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ पासून ते काम अलिबागला हलवले. या संस्थेने कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात, सुमारे दोन मेगाहर्ट्‌झवर चालणारे एक रडार उभारले. ते डी थरातल्या इलेक्ट्रॉनांवरून परतणारे क्षीण पडसाद टिपते आणि त्यावरून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचे वारे मोजते. आपण ज्या थराला लहरी खाणारा म्हणून दूषणे देत होतो, तोच इथे वाऱ्याची बातमी सांगतो.

आता व्यवहाराकडे वळू. आपण म्हणाल, कंपनसंख्या वाढवली की शोषण कमी होते, तर मग सगळी केंद्रे उच्च कंपनसंख्येवरच का चालवत नाहीत? याचे उत्तर असे की, फार उच्च गेले तर एफ थर लहर परत पाठवत नाही. ती आरपार अवकाशात निघून जाते. खालून शोषणाची मर्यादा आणि वरून निसटून जाण्याची मर्यादा, या दोहोंच्या मधल्या पट्टीत काम करावे लागते. आणि ही पट्टी दिवसा वर सरकते, रात्री खाली येते. वाटाघाटीला बसलेल्या कोणाही माणसाला ही परिस्थिती चटकन समजेल.

याचा एक मोठा प्रयोग आपल्या मुलखातही झाला. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून आणि ग्रहण दौंडला. दिवसाच्या कामासाठी सुमारे सोळा मीटरची लहर आणि रात्रीसाठी सुमारे चौतीस मीटरची. दिवसा शोषण जास्त, म्हणून आखूड लहर. रात्री शोषण नाही पण वरचा थरही विरळ, म्हणून लांब लहर. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. म्हणजे मध्यम लहर आणि लघुलहर यांचे दोन्ही संसार महाराष्ट्रात एकाच वर्षी थाटले गेले.

वडीलधाऱ्या मंडळींना यापेक्षा रेडिओ सिलोनचे उदाहरण जवळचे वाटेल. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले आणि त्याच वर्षी कोलंबोहून बिनाका गीतमाला सुरू झाली. कोलंबो इथून दीड हजार किलोमीटर. एफ थरावरून एकाच उडीत ते अंतर तुटते. पंचवीस मीटर आणि एकेचाळीस मीटर हे दोन आकडे तेव्हा घरोघर पाठ होते. त्यांचा अर्थ आता आपल्याला लावता येईल. भर दिवसा एकेचाळीस मीटरच्या लहरीला पंचवीस मीटरच्या सुमारे अडीच पट तोटा सोसावा लागतो. ऊन चढले की पंचवीसवर जायचे आणि दिवेलागणीनंतर एकेचाळीसवर यायचे, हे ज्या ऐकणाऱ्यांनी अनुभवाने शोधून काढले, त्यांनी डी थराचा अभ्यासच केला म्हणायचा.

या सगळ्याचे एक पंचांगच मांडता येईल. पौष-माघात रात्री मोठ्या आणि आकाश शांत. दूरची मध्यम लहरींची केंद्रे तेव्हा उत्तम लागतात. होळी-पाडव्याच्या आसपास आणि पुन्हा नवरात्र-दसऱ्याच्या आसपास आपल्या अक्षांशात एफ थर भरात असतो. उच्च लघुलहरींना ते दिवस मानवतात. वैशाख-ज्येष्ठात सूर्य डोक्यावर, दुपारचे शोषण सर्वांत जास्त, आणि त्यात वळवाच्या विजांची कडकड. इथे एक भेद लक्षात ठेवावा. शोषण म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज क्षीण होणे. खरखर म्हणजे भोवतालचा गोंगाट वाढणे. ऐकणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच वाटतो, पण उपाय निराळे आहेत. पहिल्यावर उपाय म्हणजे लहर बदलणे, दुसऱ्यावर उपाय म्हणजे गोंगाटाची जागा टाळणे. हल्ली तर विजांशिवाय आपल्या घरातले चार्जर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरही हा गोंगाट करतात. बटण बंद करून पाहा, पटेल. पावसाचे म्हणाल तर ढगांनी आणि सरींनी या लहरींचे काहीच बिघडत नाही. पावसात छतावरच्या तबकडीचा दूरदर्शन संच बंद पडतो, कारण त्याच्या लहरी अतिसूक्ष्म असतात. ढग फार तर सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत; आपला डी थर त्याच्या चौपट उंचीवर.

ऋतू हा सूर्याचा वार्षिक हिशेब झाला. त्यावर सुमारे अकरा वर्षांचे डागांचे चक्र आहे, आणि मधूनच विनानोटिशीचा संपही होतो. सूर्यावर मोठा भडका उडाला की आठ मिनिटांनी त्याचे क्ष-किरण इथे पोचतात, डी थर एकदम दाट होतो आणि पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूच्या लघुलहरी काही मिनिटांत गप्प होतात. कधी पाव तास, कधी तासाहून जास्त. रात्रीच्या बाजूला त्याची दादही नसते.

मंडळी, आता मी ज्यासाठी हा विषय घेतला त्या गोष्टीकडे येतो. १९८८ सालच्या १८ मे रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचा प्रक्षेपक नागपूरजवळ, एक हजार किलोवॅटचा, १५६६ किलोहर्ट्‌झवर. वाहिनी रात्रीची होती, आणि ती रात्रीचीच का होती हे आता सांगायला नको. देशाच्या मध्यभागी एक प्रक्षेपक, डी थर ओसरलेला, आणि एका जागेवरून बोललेला शब्द देशाच्या फार मोठ्या भागात. रात्रपाळीचा कामगार, रुळांवर गस्त घालणारा गँगमन, महामार्गावरचा ट्रकचालक, इस्पितळातली परिचारिका यांच्यासाठी तो शब्द होता. २०१९ च्या जानेवारीत खर्चकपातीच्या कारणाने ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. खर्च खोटा होता असे मी म्हणणार नाही. हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकाचे विजेचे बिल लहान नसते, आणि आता हातोहाती मोबाइल आहे. पण जमाखर्च मांडताना एक रकाना सुटू नये, एवढेच माझे म्हणणे.

तो रकाना असा. मोबाइलचा शब्द मनोऱ्यावरून येतो, मनोऱ्याला वीज लागते, मनोरे एकमेकांना जोडलेले लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी उल्हास नदीच्या काठी आपण काय भोगले ते इथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. पहिल्याने वीज गेली, मागोमाग दूरध्वनी गेले, आणि शेजारच्या गावात माणसे जिवंत आहेत की नाहीत हे कळण्याचा मार्ग उरला नाही. एफएमची लहर सरळ रेषेत जाणारी. सह्याद्रीचा एक डोंगर आडवा आला की पलीकडे ती पोचत नाही. अशा वेळी आकाशातला थर कामी येतो. लहर जवळजवळ सरळ वर सोडली तर ती एफ थरावरून परतून भोवतालच्या तीनचारशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारखी पडते. घाट आडवा येत नाही, दरी आडवी येत नाही. कल्याणहून नाशिक, सातारा, कोल्हापूर एका बॅटरीवर चालणाऱ्या लहान संचाने गाठता येते. २००१ सालच्या कच्छच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानला हौशी बिनतारी चालकांनी असाच निरोप पोचवला.

मात्र त्यासाठी ज्ञान हवे. दिवसा साडेतीन मेगाहर्ट्‌झवर हाका मारत बसलात तर डी थर त्या गिळून टाकील. दिवसा सात मेगाहर्ट्‌झ, रात्री साडेतीन. जूनमध्ये हा बदल कितीला करायचा आणि डिसेंबरात कितीला, हे आमच्या पहारेकऱ्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते. पूर आल्यावर हे शिकायला वेळ नसतो. ते आधी शिकून ठेवायचे असते, जशी आग लागण्याआधी कारखान्यात बादल्या भरून ठेवतात.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. हौशी बिनतारी चालकाचा परवाना मिळवण्यासाठी सरकारी परीक्षा असते, आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. पदवी लागत नाही. कल्याणच्या प्रत्येक मोठ्या वस्तीतून दोन मुले आणि दोन मुली या परीक्षेला बसल्या, एखाद्या शाळेने आठवड्यातून एक संध्याकाळ खोली उघडून दिली, तर पुढच्या महापुरापूर्वी या गावाला आपला आवाज मिळेल. आमच्या युनियनच्या कचेरीतली खोली संध्याकाळी सहानंतर रिकामी असते. ती या कामासाठी मी आजच देऊ करतो, आणि शिकवणारा मिळाला तर पहिल्या बाकावर मी बसेन.

वरचे आकाश कोणाच्या मालकीचे नाही. त्याचे भाडे नाही, मासिक हप्ता नाही. त्याच्या कामाच्या वेळा तेवढ्या ठरलेल्या आहेत आणि त्या सूर्याने ठरवल्या आहेत. त्या वेळा ज्याला पाठ आहेत, त्याचा शब्द अडचणीच्या रात्रीही पोचतो.